सुगंध, दुर्गंध आणि उघडी खिडकी

धर्मगुरूच्या वाट्याला जी अनेक कामे येतात, त्यांत नव्या वास्तूला आशीर्वाद देण्याचे काम मोठे आनंदाचे असते. एका पावसाळ्यात आम्ही असेच एका कुटुंबाच्या घरी गेलो होतो. नव्या इमारतीतला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, दाराला फुलांचे तोरण, पाहुण्यांची लगबग. दारातून आत पाऊल टाकताच गुलाबाच्या वासाचा असा भपकारा आला, की आमच्याबरोबर आलेल्या मिस्सासेवकाला शिंका आवरेनात. घरधनीण ओशाळली. म्हणाली, "फादर, पावसाळ्यात या भिंतीला ओल येते नि घरभर कुबट वास सुटतो. म्हणून सकाळी बाटलीतला फवारा जरा जास्तच मारला." पाऊस आत येईल म्हणून खिडक्या गच्च लावलेल्या होत्या. आम्ही प्रार्थनेचे पुस्तक उघडणार, तोच कोपऱ्यात बसलेल्या आजीबाई नातवाला म्हणाल्या, "बाळा, अगोदर ती खिडकी तर उघड."

पाऊस नुकताच थांबला होता. वारा आत आला, गुलाब निघून गेला आणि त्याच्याआड दडलेला ओलीचा वास उघडा पडला. आजीबाईंनी भिंतीपाशी जाऊन तळहात टेकला आणि लेकाला म्हणाल्या, "पाणी इथून येतंय. माणूस बोलाव."

घर प्रसन्न वासाचे असावे ही इच्छा माणसाइतकीच जुनी आहे. ती पुरी करण्याचे दोन मार्ग आहेत. वाईट वासावर चांगला वास पसरायचा, हा एक. वाईट वासाचे मूळ शोधून ते दूर करायचे, हा दुसरा. पहिला सोपा, दुसरा कष्टाचा. या दोन मार्गांचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते, की पहिल्या मार्गावर माणसाने कैक शतके घालवली आणि त्या भ्रमाची किंमतही मोजली.

प्राचीन ग्रीक वैद्यकापासून युरोपात एक समजूत दृढ झाली होती. दलदल, कुजलेली प्रेते, साचलेली घाण यांतून दूषित हवा उठते आणि तीच रोग आणते, अशी ती समजूत. 'मलेरिया' हा शब्दच तिची साक्ष देतो. इटालियन भाषेत त्याचा मूळ अर्थ 'वाईट हवा' एवढाच आहे. दुर्गंध हे रोगाचे लक्षण नव्हे, तर दुर्गंध हाच रोग, असे एकदा मानले की सुगंध हे आपोआप औषध ठरते.

१३४८ मध्ये युरोपावर प्लेगचे महासंकट कोसळले, तेव्हा फ्रान्सच्या राजाने पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यांना कारण विचारले. त्यांनी ग्रहांची युती आणि तिच्यामुळे दूषित झालेली हवा, असे उत्तर दिले. पोप सहावे क्लेमेंट त्या वेळी आव्हिन्यो येथे राहत होते. हवा शुद्ध राहावी म्हणून त्यांच्या वैद्याने त्यांना दोन मोठ्या अग्नींच्या मध्ये बसवून ठेवले. पोपमहाशय वाचले. उष्णतेने उंदीर आणि पिसवा दूर राहिल्या असतील, असे आज म्हणता येते. त्या काळी मात्र त्याचे श्रेय शुद्ध झालेल्या हवेला मिळाले. सतराव्या शतकात काही वैद्य पक्ष्याच्या चोचीसारखा लांब मुखवटा चढवून रोग्याकडे जात. त्या चोचीत सुवासिक पाने, फुले आणि मसाले भरलेले असत. १६६५ च्या प्लेगमध्ये लंडनच्या रस्त्यांवर हवा शुद्ध करण्यासाठी शेकोट्या पेटवण्यात आल्या. रोजनिशीमुळे पुढे प्रसिद्ध झालेला सॅम्युएल पीप्स दारांवर रंगवलेले लाल क्रूस पाहून एवढा हादरला, की हुंगायला आणि चघळायला त्याने तंबाखू विकत घेतली.

घरांतही हेच चाले. इंग्लंडमध्ये मातीच्या जमिनीवर लव्हाळे अंथरण्याची रीत होती आणि त्यांत सुवासिक वनस्पतीही मिसळत. इरॅस्मस हा थोर कॅथलिक विद्वान सोळाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात राहून आला होता. एका वैद्याला लिहिलेल्या पत्रात त्याने या रीतीची चांगलीच झडती घेतली आहे. वरचा थर तेवढा बदलतात. खालचा कधी कधी वीस-वीस वर्षे तसाच पडून असतो आणि त्यात थुंकी, सांडलेली दारू, माशांचे काटे अशी नाना प्रकारची घाण मुरत राहते, असे तो सांगतो. उपाय म्हणून त्याने अत्तर सुचवले नाही. हे लव्हाळे काढून टाका आणि खोलीला दोन-तीन बाजूंनी उघडी जागा ठेवा, असा त्याचा सल्ला होता. आमच्या आजीबाई इरॅस्मसच्याच पंथाच्या म्हटल्या पाहिजेत!

एकोणिसाव्या शतकात या समजुतीची खरी परीक्षा झाली. लंडनची वस्ती अफाट वाढली होती आणि शौचकूप तुंबून वाहत होते. एडविन चॅडविक या कर्तबगार अधिकाऱ्याने १८४२ मध्ये कष्टकऱ्यांच्या वस्त्यांच्या अवस्थेवर गाजलेला अहवाल लिहिला. गरिबांचे हाल त्याने जगासमोर मांडले, हे त्याचे ऋण मोठे आहे. परंतु सगळा दुर्गंध म्हणजे रोगच, असे तो मानत असे. त्यामुळे घरांतली घाण तातडीने गटारांत आणि गटारांतून थेम्स नदीत लोटण्यात आली. त्याच नदीचे पाणी हजारो लोक पीत होते. १८४८-४९ मध्ये पटकीने लंडनमध्ये सुमारे १४,००० माणसे दगावली. नाकाला जे शुद्ध वाटले, तेच जिवाला घातक ठरले.

१८५४ मध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागातील मृत्यू घरोघर जाऊन मोजले आणि रोगाचे मूळ तिथल्या एका पाण्याच्या पंपाशी आणून भिडवले. सप्टेंबरमध्ये त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. रोग हवेतून नव्हे, पाण्यातून येतो, हे त्यांचे म्हणणे तेव्हा फारसे कोणाला पटले नाही. पुढे १८५८ च्या कडक उन्हाळ्यात थेम्सला अशी दुर्गंधी सुटली, की पार्लमेंटच्या इमारतीचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. वास राज्यकर्त्यांच्या नाकापर्यंत पोहोचला तेव्हा कायदा अवघ्या १८ दिवसांत संमत झाला! जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याने भुयारी गटारांचे प्रचंड जाळे उभारले आणि घाण शहराच्या पूर्वेला, दूर नेऊन सोडली. हेतू दुर्गंध घालवण्याचा होता. परंतु मूळच दूर गेल्यामुळे पिण्याचे पाणीही सुधारले. समजूत चुकीची असूनही कृती बरोबर ठरली, कारण या खेपेला वासावर पांघरूण घातले गेले नव्हते.

त्याच सुमारास, १८५९-६० मध्ये, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे रुग्णशुश्रूषेवरील छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. जंतूंवर त्यांचा तेव्हा विश्वास नव्हता. तरीही खोलीतली हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवणे, हा त्यांनी शुश्रूषेचा पहिला नियम मानला. धुरीवर आणि जंतुनाशकांवर विसंबू नका. वास नव्हे, वास येणारी वस्तू बाहेर काढा, असे त्या बजावतात. वैद्यकाच्या एका व्याख्यात्याचे मतही त्यांनी मिश्किलपणे नोंदवले आहे. धुरी अत्यंत उपयुक्त आहे, कारण तिचा वास इतका भयंकर असतो, की माणसाला खिडकी उघडावीच लागते!

हा इतिहास परदेशातला म्हणून दूरचा वाटेल. पण तोच आपल्या दारी आला, तो १८९६ च्या सप्टेंबरात. मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रोगी ओळखणारे डॉक्टर आकासियो गाब्रिएल व्हिएगस हे आपल्यापैकीच होते. गोव्यातल्या हडफडे गावचे. धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे. त्यांचे निदान आधी अनेकांना रुचले नाही, पण ते खरे ठरले. प्लेगचा जंतू त्याआधी दोनच वर्षे, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. तो माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हते. तेव्हा सरकारी यंत्रणेने जुन्या समजुतीचाच आधार घेतला. गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडण्यात आले. घरे औषधाने धुतली गेली, भिंतींना चुना फासला गेला, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले काढली गेली आणि कित्येक खोल्यांवर 'मनुष्यवस्तीस अयोग्य' असे शिक्के मारले गेले. वांद्रे, गिरगाव अशा जुन्या गावठाणांत त्या काळी लोकांनी उभारलेले क्रूस आजही दिसतात. त्यांच्यापाशी वडीलधारी माणसे संध्याकाळी रोझरी म्हणत आली, ती त्या दिवसांच्या स्मरणाने.

१८९८ मध्ये कराची येथे पॉल-लुई सिमॉन या फ्रेंच डॉक्टराने उंदरांच्या पिसवांतून प्लेग पसरतो, असे दाखवून दिले. अनेक वर्षे त्याचे कोणी ऐकले नाही. पुढे १९०५ नंतर परळ येथे झालेल्या प्रयोगांनी ते सिद्ध झाले. म्हणजे दुर्गंध हा गुन्हेगार नव्हता. तरीही कौले काढून आत घेतलेले ऊन आणि रुंद केलेले रस्ते वाया गेले असे म्हणता येणार नाही. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पश्चिमेचा समुद्रवारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट पाडली. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या वसाहती त्याच विचारातून आल्या. मात्र जितक्या गरिबांची घरे पाडली तितकी नवी बांधली गेली नाहीत, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे. हवेशीर घर हा ज्याला परवडेल त्याचा हक्क ठरला.

आता आपल्या वाडीतल्या घराकडे वळू. वसईच्या परिसरातील आपल्या आजी-पणजींनी यातले एकही पुस्तक वाचले नव्हते. तरीही त्यांच्या रोजच्या कामांत दुसऱ्या, कष्टाच्या मार्गाचे ज्ञान होते. पहाटे आधी दारे-खिडक्या उघडायच्या. समोरासमोर दोन दारे असली म्हणजे वारा एका दाराने येतो, दुसऱ्याने जातो आणि रात्रीचा कोंदटपणा घेऊन जातो. गोधड्या, उशा, चटया उन्हात टाकायच्या. कुबट वास हा बहुधा बुरशीचा असतो आणि बुरशीला ओल लागते. उन्हात ओल आटली की वासाचे मूळच जाते. पावसाळा सरला की भिंतींना चुन्याची सफेदी होई. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळू लागतो. असा ताजा चुना इतका तीव्र अल्कधर्मी असतो, की त्याच्यावर बुरशीला मूळ धरता येत नाही. सारवणाने मातीच्या जमिनीची धूळ बसे. मोरीत पाणी तुंबू दिले जात नसे. ते परसातल्या केळी-अळूला जाई.

मासळी हा तर आपल्या घरचा रोजचा विषय. तिचा उग्र वास ज्या द्रव्यांमुळे येतो, ती अल्कधर्मी असतात; आंबट पदार्थाशी गाठ पडली की त्यांचा वास मारला जातो. मासळीला चिंच, कोकम किंवा सिरका लावणे आणि हाताला लिंबाची फोड चोळणे, यांमागे असे साधे रसायन आहे. चुलीतल्या राखेने भांड्यांचा ओशटपणा निघे, कारण राखेतला क्षार स्निग्ध पदार्थ पाण्यात उतरवतो. कपाटात कोळशाचे तुकडे ठेवण्याची युक्तीही अशीच. कोळशाच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागाला वासाचे कण चिकटून राहतात.

उन्हाळ्यात दारावर वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडायचे, ही युक्ती तर राजवाड्यांतली. अकबराच्या दरबारचा वृत्तांत लिहिणाऱ्या अबुल फझलने 'ऐन-ए-अकबरी'त वाळ्याच्या गार खोल्यांचे वर्णन केले आहे. गोऱ्या साहेबांनीही पुढे त्या पडद्यांचा आश्रय घेतला. त्यातून येणारा वारा पाण्याच्या बाष्पीभवनाने गार होतो आणि मुळांतल्या तेलाने सुवासिक. माठाच्या पाण्यात वाळ्याची जुडी टाकण्याची आपली रीत त्याचेच धाकटे रूप आहे.

आणि फुले? दादरच्या बाजारात ज्यांच्या टोपल्या पहाटे जातात, त्या वसईकरांना फुलांचे महत्त्व आम्ही काय सांगावे? १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या ख्रिस्तपुराणात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज मिशनऱ्याला मराठी भाषेची थोरवी सांगायची होती, तेव्हा त्यांनाही मोगरा आणि कस्तुरी आठवली. पाण्याच्या वाटीत चार सोनचाफे ठेवले की खोली भरून जाते. मात्र आधी झाडलोट, मग फुले, हा क्रम आपल्या घरांनी सहसा मोडला नाही.

धुराविषयी थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर, ऊद, धूप यांनी डास पांगतात, मन प्रसन्न होते, हे खरे. पण उघड्या ओटीवरचा धूर वेगळा आणि बंद फ्लॅटमधला वेगळा. धूर सुवासिक असला तरी धूरच. त्याचे सूक्ष्म कण फुफ्फुसांत जातात आणि दमेकऱ्याला, तान्ह्या मुलाला त्रास देतात. नैसर्गिक म्हणून तो निरुपद्रवी होत नाही.

येथे कोणी विचारील, मग देवळातल्या धूपाचे काय? निर्गमाच्या ग्रंथात तिसाव्या अध्यायात धूपाचे मिश्रण सांगितले आहे आणि त्यालाच जोडून असे बजावले आहे, की हेच मिश्रण कोणी स्वतःला हुंगण्यासाठी करू नये. वेदीवरचा धूप ही वर जाणारी प्रार्थना आहे, खोलीचा वास झाकण्याचे साधन नव्हे. स्पेनमधील सांतियागो येथील कॅथीड्रलमध्ये ५३ किलो वजनाची प्रचंड धूपदाणी दोरांनी झुलवतात. दूरवरून पायी आलेल्या यात्रेकरूंच्या अंगाचा वास लपावा म्हणून ती केली, असे लोक गमतीने सांगतात. तसे असेलही. पण त्या यात्रेकरूंना दाराबाहेर ठेवले नाही, हे आम्हाला अधिक मोलाचे वाटते.

कारण दुर्गंधाच्या इतिहासाला आणखी एक बाजू आहे आणि ती अधिक बोचरी आहे. दुर्गंध हाच रोग, असे मानले की ज्याच्या घराला वास येतो तो माणूसही रोगासारखा वाटू लागतो. ज्यांना एका खोलीत दहा जणांनी राहावे लागते, ज्यांच्या चाळीला नळ नाही, ज्यांच्या हाती दुसऱ्यांची घाण उपसण्याचे काम आले, त्यांच्याकडे पाहून नाकाला रुमाल लावणे सोपे होते. आपल्यातही हे घडते. मासळीची टोपली घेऊन गाडीत चढलेल्या कोळीणबाईपासून सरकून बसणारे आपल्यांतले लोक आम्ही पाहिले आहेत. रविवारी त्याच बाईशेजारी ते गुडघे टेकतात. नाकाचा एक गुण असा, की सततच्या वासाला ते थोड्याच वेळात सरावते. म्हणून आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, परक्याच्या घराचा मात्र लगेच येतो.

या इतिहासात नाकाला पदर न लावणारी माणसेही आहेत. १५९१ मध्ये रोममध्ये साथ आली, तेव्हा तरुण अलॉयसियस गोन्झागा रस्त्यावरचे रोगी उचलून इस्पितळात नेत असे. तो सरदारघराण्यातला; त्या कामाची त्याला आरंभी किळस येई. ती जिंकून तो राबला आणि त्याच आजारात २३ व्या वर्षी वारला. १८९७ मध्ये पुण्याजवळच्या मुंढव्याहून प्लेगने आजारी पडलेल्या एका दलित मुलाला सावित्रीबाई फुले यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि १० मार्चला त्याच रोगाने त्या गेल्या. धर्म वेगळे, देश वेगळे, मध्ये तीनशे वर्षे. पण दोघांच्याही पाठीवर रोगी होता.

म्हणून वाचक कुटुंबांना आमचे सांगणे थोडेच आहे. सकाळी समोरासमोरच्या खिडक्या घटकाभर उघडा. अंथरूण-पांघरूण उन्हाला दाखवा. ओल्याचा वास आला तर फवाऱ्याकडे हात नेण्याआधी भिंतीला हात लावून पाहा. मोरीची जाळी, कचऱ्याचा डबा, फ्रीजचा मागचा कोपरा रोजच्या नजरेत असू द्या. हे काम एकट्या गृहिणीवर टाकू नका. ज्यांना सुवास हवा त्या सर्वांनी हातात खराटा घ्यावा. त्यानंतर वाटीत चार फुले अवश्य ठेवा. आणि आपल्या वाडीच्या कडेला ज्यांच्या घरासमोर गटार तुंबलेले आहे, त्यांच्यासाठी ग्रामसभेत किंवा पालिकेत एक अर्ज लिहा. त्यांच्या दारचा दुर्गंध हा त्यांचा दोष नाही, हे आता इतिहासाने आपल्याला शिकवले आहे.

त्या चौथ्या मजल्यावरच्या घरी आम्ही नाताळात पुन्हा गेलो. वरच्या मजल्यावरचा फुटका नळ बदलला होता आणि भिंत कोरडी झाली होती. आजीबाई खिडकीपाशी बसून वाटाणे सोलत होत्या. खिडकी उघडी होती.